तोरणमाळचा हंगाम

खानदेशात वैशाख कसा जातो, हे ज्याने जळगावास किंवा धुळ्यास एखादा उन्हाळा काढला आहे त्यास सांगावयास नको. सकाळी दहाच्या सुमारासच रस्ते ओस पडू लागतात, आणि भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे गेल्याचे वर्तमान दरवर्षी नव्याने वाचून आपण दरवर्षी नव्याने आश्चर्य करतो. असे असता, पुण्यामुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांत उन्हाळ्याचे दोन महिने डोंगरावर जाऊन राहण्याची जी चाल पडली, ती आमच्या प्रांतात कधीच पडली नाही. आमच्या लहानपणी मे महिना म्हणजे शिरपूरचे मामांचे घर, तिन्हीसांजा धाब्यावर शिंपडलेले पाणी, आणि रात्री त्याच धाब्यावर अंथरलेल्या गोधड्या. तेथे पडल्या पडल्या उत्तरेकडे सातपुड्याची काळी रेघ दिसे. त्या रेघेवर पश्चिमेस कोठेतरी तोरणमाळ नावाचे ठिकाण आहे व तेथे उन्हाळ्यातही अंगावर पांघरूण घ्यावे लागते, असे मामा सांगत. आम्ही वर जाऊ या म्हटले की ते हसत व म्हणत, "वर गारठा आहे हे खरे, पण तिथे राहायचे कुठे आणि खायचे काय?"

मामांचा प्रश्न साधा होता. परंतु इतिहास शिकविण्यात तीस वर्षे घालविल्यावर आज आम्हांस असे वाटते की, थंड हवेच्या ठिकाणांचा सारा इतिहास त्या एका प्रश्नात सामावलेला आहे. हवा थंड असणे ही निसर्गाची गोष्ट. तेथे 'हंगाम' असणे ही माणसांची. हंगाम हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि आपण तो पिकांस लावला. त्यामुळे तो पावसापाण्याबरोबर आपोआप येतो अशी आपली समजूत झाली आहे. डोंगरावरील गावांचा हंगाम मात्र कोणीतरी निर्माण करावा लागतो, आणि तो कोणी निर्माण केला यावर त्याचे फळ कोणाच्या पदरात पडावयाचे हे ठरते.

महाबळेश्वरचेच उदाहरण घ्यावे. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज सेनाधिकारी त्या पठारावर चढून गेला; १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तेथे वसाहतीचा पाया घातला; आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून वाई भागातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ती जागा कंपनी सरकारने आपल्या ताब्यात घेतली. पुढे उन्हाळा आला की गव्हर्नर, त्याचे सल्लागार, कारकून, दप्तरे, त्यांमागोमाग व्यापारी आणि संस्थानिक, असा सारा लवाजमा वर चढे. पाऊस जवळ आला की तो पुण्यास उतरे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे अडीचशे इंच पाऊस पडतो. त्या पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचाव्यात म्हणून बंगल्यांना कुलुम नावाच्या गवताचे ताटवे बांधून ते बंद करून ठेवीत. माथेरानचेही तेच. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते ठिकाण लोकांच्या नजरेस आणले, १९०७ साली नेरळहून आगगाडी वर गेली, आणि पाऊस आला की नेरळची ती गाडी थांबे. तात्पर्य, हा हंगाम हवेने ठरविला त्यापेक्षा सरकारी दप्तराने अधिक ठरविला. ज्या पावसाला भिऊन साहेब खाली पळे तोच पाऊस पाहावयास आज लोणावळ्यास आणि आंबोलीस मुलाबाळांसह माणसे लोटतात. पाऊस तोच आहे, पाहणारे बदलले.

मग तोरणमाळास हे भाग्य का लाभले नाही? समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,७५० फूट. विस्तीर्ण पठार, मध्ये यशवंत तलाव, भोवती आंबा, मोह, चारोळी आणि आवळा यांची झाडे. महाराष्ट्रात महाबळेश्वराच्या खालोखाल त्याचे नाव थंड हवेसाठी घेतात. तोरण नावाच्या काटेरी झुडपावरून त्यास हे नाव पडले असे सांगतात. मराठी राज्य बुडाल्यावर १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज खानदेशावर आला व धुळ्यास कारभाराचे ठाणे झाले. धुळ्याच्या उन्हात भाजून निघणाऱ्या साहेबास सातपुड्याची आठवण झाली नसेल, असे म्हणवत नाही. तथापि त्या काळी सातपुडा हा सरकारच्या लेखी विश्रांतीचा नव्हे, बंदोबस्ताचा विषय होता. भिल्लांचे उठाव चालू होते. १८२५ साली औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारण्यास आरंभ केला व धरणगावास तिचे ठाणे केले. ज्या डोंगराकडे राज्यकर्ता बंदुकीच्या माशीवरून पाहतो, तेथे तो आरामखुर्ची टाकून बसत नाही.

दुसरे कारण हिवतापाचे. तळोदा, नवापूर, अक्राणी हा सारा पट्टा पावसाळा सरला की तापाने फणफणत असे. 'डोंगराचे पाणी लागते' ही खालच्या लोकांची समजूत. ते पाणी नव्हे, डास लागत होते, हे १८९७ साली सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसने दाखवून देईपर्यंत कोणास कळले नाही. म्हणजे आश्विन-कार्तिकाचे जे दिवस तोरणमाळास सर्वांत रमणीय, तेच सर्वांत भयंकर होते. आणि रस्ता? सुरतेहून तापीच्या खोऱ्याने येणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर यांना जोडून गेला. परंतु त्याने कापूस नेला, पाहुणे आणले नाहीत. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्ह्याचे ठाणे असे जवळ जवळ येत गेले. पाहुण्यांचा हंगाम काही आला नाही.

येथे थोडे दूर, युरोपातील आल्प्स पर्वताकडे जावे लागते. कारण डोंगरी गावाने आपले वर्ष बदलल्याचे सर्वांत बोलके उदाहरण तेथे आहे. आज स्वित्झर्लंड म्हटले की बर्फावरून घसरत जाणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील हॉटेले केवळ उन्हाळ्यात उघडी असत. हिवाळा म्हणजे बर्फात कोंडलेली घरे, गोठ्यातली गुरे आणि चुलीजवळ बसलेली म्हातारी माणसे. धडधाकट माणसे पोटासाठी बाहेर. एंगाडीन खोऱ्यातील पुरुष मिठाई करण्याचा धंदा शिकून व्हेनिसपर्यंत, पुढे साऱ्या युरोपभर जात. सव्हाय प्रांतातील पोरे पॅरिसची धुराडी साफ करीत. सर्वांत हृदयद्रावक हकीकत तिरोल, फोरार्लबर्ग आणि ग्राउब्युंडेन येथील मुलांची. फाल्गुनाच्या सुमारास, खिंडींतला बर्फ वितळण्यापूर्वीच, आठ-दहा वर्षांची मुले पायी डोंगर ओलांडून दक्षिण जर्मनीतील श्वाबेनमध्ये जात. तेथे त्यांचा बाजार भरे. शेतकरी येऊन मुले निवडी. गुरे राखून, शेतात राबून, थोडी नाणी आणि अंगावर नवे कपडे घेऊन ती कार्तिकात घरी परतत. हा प्रकार पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, मुलांना शाळेची सक्ती लागू झाली तेव्हा संपला.

एंगाडीनमधील सेंट मोरित्झ हे गाव औषधी झऱ्याबद्दल पूर्वीपासून प्रसिद्ध. (आपल्या चोपड्याकडील उनपदेवाचा झरा कढत, तेथला थंड, लोहयुक्त, बाकी श्रद्धा सारखीच.) तेथे योहानेस बाद्रुट नावाचा हॉटेलवाला होता. १८६४ च्या शरदात परत निघालेल्या चार इंग्रज पाहुण्यांशी त्याने पैज मारली अशी कथा आहे. "हिवाळ्यात येऊन पाहा. येथे लख्ख ऊन नसेल तर तुमचा प्रवासखर्च मी देईन, आवडले तर हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा," असे तो म्हणाला. ते नाताळात आले आणि ईस्टरपर्यंत राहिले. कथेत पुढच्यांनी रंग भरला असावा असा आमचा संशय आहे. पण १८६५ च्या हिवाळ्यात जवळच्या दाव्होसला डॉक्टर श्पेंगलर याच्याकडे क्षयाचे रुग्ण थंडीतल्या कोरड्या हवेसाठी आले, ही गोष्ट खरी. म्हणजे हिवाळ्याचा हंगाम आधी आजाऱ्यांनी आणि गंमत्यांनी सुरू केला; बर्फावरून घसरण्याच्या लांब लाकडी पट्ट्या, ज्यांस स्की म्हणतात, त्या नॉर्वेकडून मागाहून आल्या. १८९४ साली शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉईल दाव्होसहून अशा पट्ट्या बांधून दोघा स्थानिक भावांबरोबर डोंगर ओलांडून आरोझास गेला, तेव्हा ते नवलच समजले गेले. पुढे १९२२ साली म्यूरेन गावी वळणावळणाच्या शर्यतीचे नियम बसविणारा आर्नल्ड लन याचा जन्म मद्रासेत झालेला. त्याचा बाप हेन्री लन तेथे मिशनरी म्हणून आला होता आणि प्रकृतीमुळे परत जाऊन सहली नेण्याच्या धंद्यात पडला. मद्रासच्या उकाड्याने स्वित्झर्लंडच्या बर्फाला माणसे पुरविली, असे थट्टेने म्हणता येईल.

आमच्या विषयास सर्वांत उपयोगी गाव मात्र झेरमाट. १४ जुलै १८६५ रोजी व्हिम्परची मंडळी मॅटरहॉर्न शिखरावर पोहोचली आणि उतरताना चौघे दरीत पडून मेले. त्या भयंकर बातमीने गावाचे नाव जगभर झाले. १८९१ साली तेथे आगगाडी गेली. तरीही हिवाळ्यात गाव बंदच असे. हिवाळी पाहुण्यांचा पहिला हंगाम तेथे १९२७-२८ साली झाला, आणि तेव्हा पाहुण्यांना काही मजल घोड्यांच्या बर्फगाड्यांतून आणावे लागले. साठ वर्षे एवढ्या प्रसिद्ध गावास अर्धे वर्षच होते! पुढे हिमनदीवर बारा महिने घसरता येते अशी त्याची ख्याती झाली, आणि २०२२ च्या जुलैत उष्म्यामुळे तीही सोय काही काळ बंद ठेवावी लागली. २०२३ च्या नववर्षाला आल्प्समधील कितीतरी कमी उंचीच्या गावांत उतारांवर गवत दिसत होते. म्हणून ती गावे आता पुन्हा उन्हाळ्याकडे, पायवाटांकडे, गाईंच्या कुरणांकडे वळत आहेत. म्हणजे ज्या दारातून आली त्याच दाराशी परत.

झेरमाटच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे आणि ती आम्हांस पैजेच्या कथेहून अधिक मोलाची वाटते. तेथे अलेक्झांडर झायलर नावाच्या कर्त्या गृहस्थाने १८५०-६० च्या दरम्यान हॉटेलांचा धंदा वाढविला. तो त्याच प्रांतातला, पण त्या गावचा नव्हे. त्याने गावकीचा हक्क मागितला. गावकऱ्यांनी तो वर्षानुवर्षे दिला नाही, कारण हक्क म्हणजे गावरानात आणि गावच्या जंगलात वाटा. उलट, गावकीने आपल्याच श्रमांनी स्वतःचे हॉटेल बांधले; ते १८७९ साली उघडले. झायलरवर अन्याय झाला असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण कुरण, जंगल आणि पर्वताचा पायथा गावकीच्या हातून सुटला नाही, याचे कारणही त्याच हेकेखोरपणात आहे.

आता परत सातपुड्यात येऊ. तोरणमाळचे वर्ष आम्ही निरनिराळ्या प्रसंगी थोडेथोडे पाहिले आहे. प्रथम गेलो ते महाशिवरात्रीस, महाविद्यालयात असताना. शहाद्याहून म्हसावदमार्गे सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता; शेवटी सात पायरीचा घाट. गोरक्षनाथाच्या यात्रेस महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश या तिन्हीकडून माणसे येतात. एवढी गर्दी की एस. टी.च्या टपावरही जागा नव्हती. मच्छिंद्रनाथाच्या गुहेपाशी ढोल वाजत होते, आणि ज्या पठाराचे पुस्तकात 'निर्जन' असे वर्णन वाचले होते ते माणसांनी फुलले होते. यात्रा पांगल्यावर मात्र तळ्याकाठी आम्ही चौघे विद्यार्थी आणि काही म्हशी उरलो. यात्रा म्हणजे हंगामच, परंतु तो चार दिवसांचा. (तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा अशीच थोडक्या दिवसांची, अलीकडे 'चेतक महोत्सव' या नावाने तिची मुदत वाढविण्यात आली. लांबविलेली यात्रा यात्राच राहते की प्रदर्शन होते, याविषयी आमच्या घरातच दोन पक्ष आहेत.)

दुसऱ्या खेपेस श्रावणात गेलो. सीताखाईच्या कड्यावरून पाणी कोसळत होते. ढग इतके खाली की दरी क्षणभर दिसे आणि पुसली जाई. तिसऱ्यांदा पौषात. पहाटे गवतावरचे दव गोठून पांढरे झाले होते. आमच्या सौभाग्यवतींनी ते ओंजळीत घेऊन पाहिले आणि हात झटकला. आणि एकदा ऐन वैशाखात, जेव्हा खाली शहाद्यास घराबाहेर पाऊल टाकवत नव्हते, वर संध्याकाळी तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याने शाल आठवली. म्हणजे मामा सांगत ते खरे होते. महाबळेश्वराचा पाऊस येथे नाही, की ज्यासाठी दारे बंद करावीत; आल्प्सचा बर्फ येथे नाही, की जो एखाद्या वर्षी दगा देईल. बारा महिने येता येईल असे हे ठिकाण. दोंडाईच्याचा आमचा गाडीवाला मात्र खाली उतरताना म्हणाला, "गुरुजी, आठे पानी शे, थंडी शे, बाकी काय शे?"

बाकी काय, याचे उत्तर गाडीवाल्यास दिसले नाही, कारण ते वर नव्हतेच. ते खाली गेले होते. तोरणमाळ आणि भोवतीचे पाडे भिल्ल आणि पावरा लोकांचे. दसरा-दिवाळी आटोपली, डोंगरउतारावरची पिके निघाली की या पाड्यांतून माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पोरे, कोंबड्या, भांडी यांसह ट्रक बारडोलीच्या आणि सुरतेच्या बाजूस उसाच्या फडांवर जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या खानदेशी तोडणी मजुरांचा अभ्यास करून लिहिले. तोवर आम्हां शेजाऱ्यांनाही त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते. तोडणीची मुलेही फडावर, शाळेचा धडा वर डोंगरात. श्वाबेनच्या वाटेने जाणारी पोरे आमच्या वाचनात आली तेव्हा आम्हांस ती परकी वाटली नाहीत, ती यामुळे.

आता जुळणी पाहावी. मजूर डोंगर सोडतो तो कार्तिकापासून पुढे; आणि पाहुण्याने डोंगरावर यावे असे सर्वांत सुखाचे दिवसही कार्तिकापासून पुढेच. आल्प्समधील गावाने ज्या ऋतूत उपासमार होई त्याच ऋतूत पाहुणा बोलावला. एकट्या पाहुण्याने दारिद्र्य हटविले असे मात्र कोणी समजू नये. कारखाने, वीज, शाळा यांचा वाटा मोठा आहे. पण चार महिन्यांचे काम घराजवळ मिळाल्याने माणूस घरी राहिला, हे नाकारता येत नाही.

येथे आमच्या सुधारक मित्रांस घाई होते. रस्ता रुंद करा, तळ्यात नावा सोडा, कड्यावर हॉटेल बांधा, असे ते म्हणतात. रस्ता चांगला हवा यात वाद नाही. परंतु शहाद्याच्या सपाटीवर काय घडले हे इतिहासाच्या शिक्षकास विसरता येत नाही. तापीच्या काळ्या जमिनीतला आदिवासींचा मोठा भाग कर्जापायी आणि कागदापायी दुसऱ्यांच्या नावावर गेला. १९७० नंतर अंबरसिंग महाराज आणि पुढे श्रमिक संघटना यांनी त्यासाठी झगडा उभारला. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. ज्यांची जमीन गेली ते आपल्याच पूर्वीच्या शेतात सालदार झाले. पठारावर हॉटेले उभी राहून मूळ गावकरी तेथे भांडी घासावयास राहिला, तर तीच कथा साडेतीन हजार फुटांवर घडेल.

झेरमाटच्या गावकीजवळ हेकेखोरपणा होता, तसे आमच्या पाड्यांजवळ आज कागदावर तरी काही आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा १९९६ चा, आणि वनहक्कांचा २००६ चा. सामूहिक वनहक्क ग्रामसभेस मागता येतो. तळे, वाट, कड्यावरची जागा यांचा करार ग्रामसभेशी व्हावा, राहण्याची सोय पाड्यातील घरांतून व्हावी, पाहुण्यास नागलीची भाकरी आणि मोहाच्या फुलांचे पदार्थ मिळावेत, यात अशक्य असे काय आहे? यासाठी लागणारा पैसा मोठ्या हॉटेलाच्या पायाइतकाही नव्हे. लागते ती सवड, आणि कार्तिकात उचल देणाऱ्या मुकादमाच्या आधी पोहोचण्याची तत्परता.

पौषातल्या त्या खेपेस आम्ही विश्रामगृहात उतरलो होतो. घाटात आम्हांस दोन ट्रक खाली जाताना भेटले होते. गोणपाटाखाली बायकामुले बसलेली, वर खाटा उलट्या बांधलेल्या. रात्री जेवण करून वाढावयास साठी उलटलेले एक पावरा आजोबा आले. आम्ही आठजण होतो. त्यांच्याने एकट्याने उरकेना म्हणून आमच्या सुनेने भाकरी थापावयास घेतल्या. शेकोटीशी बसल्यावर आम्ही विचारले, "आजोबा, हाताखाली कोणी नाही का?" दोन मुलगे आहेत, सुना आहेत, ते म्हणाले, चौघेही बारडोलीकडे गेले आहेत. "मग कधी येतील?" त्यांनी विस्तवातले लाकूड पुढे सारले. "होळीला," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही लोक नसता."